पेटंटचा कागद आणि मीटरचा दिवा

“मालक, याचं पेटंट आहे. हे बघा, सरकारी सर्टिफिकेट.” अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात वीज वाचवणारा डबा विकायला आलेला माणूस हे वाक्य बोलतो. सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेत तेल्या रोगावरचं औषध घेऊन येणारा बोलतो. बोअरच्या पाइपला चुंबक बांधून ‘क्षार मारून’ देणाराही हेच बोलतो. कागद बहुतेक वेळा खोटा नसतो. लॅमिनेट केलेला असतो, वर राजमुद्रा, खाली कंट्रोलरची, म्हणजे पेटंट कार्यालयाच्या प्रमुखाची सही. ऐकणाऱ्याच्या मनात मग आपोआप हिशेब होतो: सरकारनं तपासलंय, म्हणजे चालत असणार.

तपासलंय हे खरं. काय तपासलंय, हे मात्र आपण विचारत नाही, आणि पैसे तिथेच जातात.

पेटंट म्हणजे कल्पनेचा सातबारा. जमीन कोणाच्या नावावर आहे, हे सातबारा सांगतो. त्या जमिनीत विहीर खोदली तर पाणी लागेल का, हे तो सांगत नाही, आणि तलाठ्यानं ते सांगावं अशी कोणाची अपेक्षाही नसते. पेटंटच्या बाबतीत मात्र नेमकी हीच अपेक्षा आपण धरून बसतो.

आपल्याकडे पेटंट मिळतं ते १९७० च्या पेटंट कायद्याखाली. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलच्या कार्यालयात जातात. तिथला परीक्षक मुख्यतः तीन गोष्टी पाहतो. कल्पना नवी आहे का, म्हणजे अर्जाच्या तारखेआधी ती कुठे छापली किंवा वापरली गेली होती का. त्या धंद्यातल्या जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी तर नाही ना. आणि ती उद्योगात बनवता किंवा वापरता येण्याजोगी आहे का. हा तिसरा मुद्दा वाचून पुष्कळांना वाटतं की ‘चालतं का’ हे इथे तपासलं गेलं. पण कायद्यातली व्याख्या एवढीच आहे: उद्योगात बनवता किंवा वापरता येईल अशी वस्तू. ती किती चांगली चालते, पत्रकात छापलेले ३० टक्के खरोखर देते का, हा प्रश्न त्यात येतच नाही.

परीक्षकाचं काम टेबलावरचं आहे. त्याच्यापुढे अर्जदारानं लिहिलेलं वर्णन, आकृत्या आणि जगभरच्या जुन्या पेटंटांचा साठा असतो. मोटर, मीटर, बाग यांतलं काहीच नसतं. कलम १० नुसार कंट्रोलर एखाद्या अर्जात मॉडेल किंवा नमुना मागवू शकतो, पण तो अधिकार आहे, रोजचा रिवाज नव्हे. कलम ३(अ) मध्ये निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणारी किंवा फालतू कल्पना नाकारायची तरतूद आहे. त्यामुळे ‘इंधनाशिवाय कायम फिरणारं चाक’ असं सरळ लिहून आणलं तर ते अडतं. पण धातूच्या डब्यात कपॅसिटर (पंख्यात असतो तो कंडेन्सर), सर्ज म्हणजे विजेचा अचानक येणारा झटका शोषून घेणारा घटक आणि एक दिवा अशा रीतीनं बसवलाय, एवढंच लिहून आणलं तर त्यात निसर्गनियम मोडणारं काय आहे? काहीच नाही. डबा बनवता येतो. मांडणी नवी असेल, सहज सुचण्यासारखी नसेल, तर पेटंट मिळू शकतं. विजेचं बिल कमी होतं का, हा प्रश्न त्या सगळ्या कागदोपत्री प्रवासात एकदाही कोणी मोजून पाहिलेला नसतो.

कायदा स्वतः हे लपवत नाही. कलम १३ च्या पोटकलम ४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की या तपासणीमुळे पेटंट वैध असल्याची हमी मिळते असं समजू नये, आणि त्यापायी केंद्र सरकारवर किंवा अधिकाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. म्हणजे ज्यानं शिक्का मारला तोच सांगतोय की शिक्क्यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयासमोर भांडी लेथवर धरण्याच्या एका साधनाच्या पेटंटचा वाद आला होता, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज. डिसेंबर १९७८ मध्ये निकाल लागला. न्यायालयानं हाच मुद्दा सांगितला की पेटंट दिलं गेलं एवढ्यावरून ते वैध ठरत नाही, आणि ते पेटंट रद्द ठरवलं. इथे निकाल ‘चालतं का’ यावर लागला नव्हता. साधन वापरता येत होतं. त्यात पेटंट देण्याजोगं नवं काही नव्हतं, म्हणून ते गेलं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. सीएसआयआरनं आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावे म्हणून ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपण हा विजय अभिमानानं सांगतो, आणि सांगावाच. पण त्यातलं कारण नीट पाहा. हळद जखमेवर काम करत नाही म्हणून पेटंट रद्द झालं नाही. ती वापरतात हे आधीपासून माहीत होतं, म्हणून झालं. चालणारी गोष्ट जुनी असेल तर पेटंट जातं, आणि न चालणारी गोष्ट नवी असेल तर पेटंट टिकू शकतं.

टिकतं ते कसं, हेही बघण्यासारखं आहे. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय, म्हणून रेल्वेचंच उदाहरण घेऊ. ब्रिटिश रेल्वेनं १९७० मध्ये एका ‘अवकाशयाना’च्या पेटंटचा अर्ज केला. उडत्या तबकडीसारखा आकार आणि लेझरनं पेटवलेल्या अणुसंमीलनावर चालणारं इंजिन. १९७३ मध्ये पेटंट मंजूर झालं, क्रमांक १३१०९९०. तसं इंजिन आजही कोणाकडे नाही. १९७६ मध्ये नूतनीकरणाचं शुल्क न भरल्यामुळे ते पेटंट संपलं. चालत नाही म्हणून ते कोणी काढून घेतलं नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २००५ मध्ये गुरुत्वाकर्षणावर मात करून निर्वाताच्या दाबावर पुढे जाणाऱ्या यानालाही पेटंट मिळालं होतं.

यंत्र खरोखर टेबलावर ठेवून तपासलं जाणं ही दुर्मीळ गोष्ट. अमेरिकेतल्या जोसेफ न्यूमनचं यंत्र त्यांतलं एक. घेतो त्याहून जास्त ऊर्जा देतं, असा दावा होता. पेटंट कार्यालयानं नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि कोर्टाच्या आदेशामुळे यंत्र तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेकडे आलं. १९८६ मध्ये त्यांनी मोजमापं दिली: तपासलेल्या प्रत्येक परिस्थितीत बाहेर येणारी शक्ती आत जाणाऱ्या शक्तीपेक्षा कमी. १९८९ मध्ये अपिलातही नकार कायम राहिला. एका यंत्राच्या मोजमापासाठी एवढी वर्षं आणि एवढी कोर्टबाजी लागली. बाकी लाखो पेटंटांच्या वाट्याला हे येत नाही. रक्ताच्या एका थेंबात अनेक चाचण्या करून देऊ म्हणणाऱ्या थेरानोस कंपनीकडे पेटंटांचा गठ्ठा होता. यंत्र सांगितलं तसं चालत नव्हतं, २०१८ मध्ये कंपनी बंद झाली आणि २०२२ मध्ये संस्थापिका गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल दोषी ठरली.

आपल्या कायद्यात कलम ६४ खाली ‘उपयुक्त नाही’ या कारणानं पेटंट रद्द करून घेता येतं. पण त्यासाठी कोणीतरी वकील लावून उच्च न्यायालयात जायला हवं. कोण जाईल? ज्याला तीच वस्तू बनवून विकायची आहे तोच खर्च करतो. कुचकामी वस्तूची नक्कल कोणाला करायची नसते, त्यामुळे कुचकामी पेटंटाला शत्रूच नसतो. शुल्क भरत राहिलं की अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं ते सुखानं जगतं.

आता विक्रेत्याच्या हातातला कागद. पेटंट म्हणून दाखवलेले सगळेच कागद पेटंट नसतात.

क्रमांक १२ अंकी असेल आणि सालानं सुरू होत असेल, उदाहरणार्थ २०२२२१ आणि पुढे सहा अंक, तर तो अर्जाचा क्रमांक आहे. सालानंतरचा २ म्हणजे मुंबई कार्यालय. अर्ज कोणीही करू शकतो. अर्ज साधारण १८ महिन्यांनी पेटंट जर्नलमध्ये आपोआप प्रसिद्ध होतो. ‘गव्हर्न्मेंट जर्नलमध्ये आलंय’ याचा अर्थ तेवढाच. डब्लूओनं सुरू होणारा क्रमांक दाखवून ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ म्हणतात. तसं पेटंट जगात अस्तित्वात नाही. तोही प्रसिद्ध झालेला अर्जच, पुढे देशोदेशी वेगळी मंजुरी लागते. चीनमधलं ‘युटिलिटी मॉडेल’ सखोल तपासणीशिवाय नोंदलं जातं. डिझाइनची नोंदणी तर फक्त बाह्य रूपाची असते, डब्याच्या आकाराची. आणि आयुर्वेदिक बाटलीवरचं ‘पेटंट अँड प्रोप्रायटरी मेडिसिन’ हा औषध कायद्यातला वर्ग आहे, त्याचा पेटंट कार्यालयाशी काडीचा संबंध नाही. ग्रंथोक्त घटक वापरून स्वतःच्या पाठानं बनवलेलं औषध, एवढाच त्याचा अर्थ.

खरंच मंजूर पेटंट असेल तर ते पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून फुकट वाचता येतं. सारांश वाचत बसू नका, तो जाहिरातीसारखा असतो. थेट शेवटी ‘क्लेम्स’ वाचा, कारण हक्क फक्त त्यांच्यापुरता आहे. प्रसिद्ध झालेल्या अर्जातले दावे आणि मंजूर झालेले दावे शेजारी ठेवून पाहणं फार उद्बोधक असतं. अर्जात ‘वीज वाचवणारं उपकरण’ असं ऐसपैस काहीतरी असतं. परीक्षकानं हरकती काढल्यावर ते आक्रसत आक्रसत ‘अमुक कोनात पंख असलेल्या ॲल्युमिनियमच्या आवरणातलं, अमुक क्रमानं जोडलेल्या घटकांचं उपकरण’ इथवर येतं. पेटंट मिळालं ते पंखांना. ३० टक्के बचतीचा आकडा दाव्यांत बहुधा नसतोच. तिथेच स्थितीही दिसते: शुल्क न भरल्यामुळे पेटंट केव्हाच संपलेलं असू शकतं. पेटंट नसताना आहे म्हणून विकणं कलम १२० खाली दंडनीय आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा दंड दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो. पण ते ‘पेटंट आहे’ या खोट्यासाठी. ‘वीज वाचते’ या खोट्याला ते कलम लागत नाही.

आता वीज वाचवणाऱ्या डब्याकडे नीट वळू, कारण सोलापुरात मोटर नाही असा धंदा शोधावा लागेल, आणि हा डबा उघडला की सगळा खेळ आकड्यांत दिसतो.

घरगुती सॉकेटमध्ये लावायच्या डब्यात साधारणपणे एक छोटा कपॅसिटर, एक रेझिस्टर आणि एक दिवा निघतो. कपॅसिटर ५ मायक्रोफॅरडचा धरला तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर तो सुमारे ८३ व्हीएआर देतो (व्हीएआर म्हणजे काम न करता नुसती ये-जा करणाऱ्या शक्तीचं माप). घरगुती मीटर व्हीएआर मोजतच नाही, तो वॅट-तास मोजतो. त्यामुळे बिलात फरक शून्य. दिव्याचं थोडं जास्तच.

मोठा डबा घेऊन कारखान्यात येणारे मात्र प्रयोग करून दाखवतात, आणि तो प्रयोग खरा असतो. चालत्या मोटरच्या वायरला टाँग टेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा लावतात. डबा बंद: साडेतीन अँपिअर. डबा चालू: पावणेदोनच्या आसपास. मालकाच्या डोळ्यांदेखत करंट अर्ध्यावर! हिशेब करून पाहू. मोटर ४०० वॅट घेतेय, पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअर यातला खरं काम करणाऱ्या वॅटांचा वाटा) ०.५ आहे. करंट म्हणजे ४०० भागिले (२३० गुणिले ०.५), सुमारे ३.४८ अँपिअर. डब्यातल्या ३४ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरनं पॉवर फॅक्टर ०.९५ केला. करंट आता १.८३ अँपिअर. पण दोन्ही वेळा मोटर घेतेय ४०० वॅटच. कमी झाला तो मोटर आणि मीटर यांच्यामध्ये नुसता ये-जा करणारा करंट, ज्याचे युनिट पडतच नव्हते.

काहीच वाचत नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. करंट कमी झाल्यानं वायरीतलं नुकसान घटतं. मोटरपर्यंत २० मीटर अंतर आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर धरा. जाऊन-येऊन ४० मीटरचा रोध सुमारे ०.३ ओहम. ३.४८ अँपिअरला त्यात ३.६ वॅट जातात, १.८३ ला १ वॅट. म्हणजे ४०० वॅटांवर अडीच-तीन वॅट वाचले, पाऊण टक्क्याहून कमी. तेही डबा मोटरजवळ लावला तर. बहुतेक डबे मीटरजवळ लावतात, तिथे तेवढंही नाही.

यावर खरी परीक्षा काय? टाँग टेस्टर बाजूला ठेवा आणि मीटरचा लाल दिवा मोजा. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती ठोके ते छापलेलं असतं, समजा ३२००. म्हणजे ३२ ठोक्यांना एका युनिटचा शंभरावा भाग, १० वॅट-तास. ४०० वॅटच्या लोडला ३२ ठोके पडायला बरोबर ९० सेकंद लागतात. त्या मीटरवरचा बाकीचा सगळा लोड बंद करा, मोटर अर्धा तास चालू देऊन गरम होऊ द्या, मग मोबाइलच्या स्टॉपवॉचनं ३२ ठोक्यांचा वेळ डबा बंद ठेवून घ्या, चालू करून घ्या, पुन्हा बंद, पुन्हा चालू, अशा पाच जोड्या. ३० टक्के वाचत असेल तर ९० सेकंदांचे जवळजवळ १२९ व्हायला हवेत. हा फरक लपून राहूच शकत नाही. मोटर गार असताना पहिलं मोजमाप घेतलं तर तेल आणि ग्रीस घट्ट असल्यानं वॅट जास्त येतात आणि नंतर लावलेल्या डब्याला फुकटचं श्रेय मिळतं. म्हणून ते आलटून-पालटून.

केव्हीएएचवर (युनिटांना पॉवर फॅक्टरनं भागून येणाऱ्या आकड्यावर) बिल येतं किंवा पॉवर फॅक्टरचा दंड लागतो, तिथे गोष्ट वेगळी आहे. महिन्याला १०,००० युनिट आणि पॉवर फॅक्टर ०.८० असेल तर केव्हीएएच होतात १२,५००. पॉवर फॅक्टर ०.९८ केला की १०,२०४. जवळपास १८ टक्के घट, आणि ती खरी आहे. महिन्याला ५०० तास काम धरलं तर सरासरी लोड २० किलोवॅट, त्याला साधारण ११ केव्हीएआरचे (एक केव्हीएआर म्हणजे हजार व्हीएआर) कपॅसिटर लागतात. पण हे काम कोणताही चांगला पॅनेलवाला एपीएफसी, म्हणजे पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं पॅनेल लावून करतो. त्यात गुपित नाही. एकच मोठा कपॅसिटर कायम जोडून ठेवला तर सुट्टीत माग थांबल्यावर पॉवर फॅक्टर लीडिंगला, म्हणजे उलट बाजूला जातो, म्हणून टप्प्याटप्प्यानं जोडणारा रिले लागतो. व्हीएफडीवरची (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक साधनावरची) यंत्रं जास्त असतील तर हार्मोनिक्सनं, म्हणजे विजेच्या लहरीतल्या बिघाडानं कपॅसिटर फुगतात, तेव्हा रिॲक्टरसह घ्यावेत. पेटंटवाला डबा जिथे खरंच काम करतो, तिथे तो बहुधा हेच जुनं काम करत असतो.

समजा विक्रेता म्हणाला, हा डबा करंटचा नव्हे, यंत्राच्या घर्षणाचा किंवा ‘पॉवर क्वालिटी’चा आहे, एका मोटरवर दिसणार नाही, पूर्ण शेडवर दिसेल. ठीक, शेडवर मोजू. आठ माग निवडा, सगळ्यांवर एकाच काउंटचं (जाडीचं) सूत, एकच डिझाइन, तेवढेच पिक (आडवे धागे). त्यांना वेगळा सबमीटर लावा. आधी डब्याशिवाय सहा दिवस प्रत्येक पाळीचे युनिट आणि काट्यावर तोललेलं कापड लिहा, आणि किलोमागे युनिट काढा. हे सहा दिवस सगळ्यात महत्त्वाचे, आणि नेमके हेच कोणी करत नाही. काहीही न बदलता पाळी-पाळीत किती फरक पडतो ते यातून कळतं. तो सहा टक्के निघाला तर ‘पाच टक्के बचत’ दोन पाळ्यांत दिसणं शक्य नाही. वीस-पंचवीस पाळ्या लागतील. मग रोज सकाळी नाणं उडवून ठरवा, आज डबा चालू की बंद. स्विच हिशेबनिसाच्या हातात ठेवा, जॉबरला (मागांवर देखरेख करणाऱ्याला) आणि कामगारांना कळता कामा नये. आज ‘ट्रायल’ आहे म्हटल्यावर तेलपाणी नीट होतं, तुटलेला धागा लगेच जोडला जातो, माग कमी थांबतात, आणि किलोमागे युनिट घटतात. हे माणसांचं श्रेय आहे, डब्याचं नाही.

बिलांवरून तुलना करून दाखवणं ही सर्रास चालणारी पद्धत, आणि सगळ्यात फसवी. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत कारखाने बंद असतात, त्या महिन्याचं बिल डिसेंबरपेक्षा उतरणारच. जाड टॉवेलाची ऑर्डर संपून हलका माल सुरू झाला की युनिट उतरतात. मे महिन्यातले पंखे जूनच्या पावसात बंद होतात. आणि विक्रेता जर म्हणाला की ‘डबा लावण्याआधी सगळ्या मोटरींची सर्व्हिसिंग करून घ्या’, तर दोन गोष्टी एकदम बदलू देऊ नका. सर्व्हिसिंग करा, आठवडाभर मोजा, मग डबा.

दुचाकीच्या पेट्रोलच्या नळीला लावायच्या चुंबकाला हीच कसोटी. पेट्रोलवर चुंबकाचा जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त साधनं तपासली; मोजक्यांत किरकोळ फरक निघाला, बहुतेकांत नाही. टाकी ‘फुल’ करताना १०० मिलिलिटर इकडचं तिकडे झालं तरी दोन लिटरच्या फेरीत पाच टक्क्यांची चूक होते, एवढंच इथे लक्षात ठेवा.

पाण्याचं जरा जास्त सांगायला हवं, कारण बोअरचं जड पाणी हा सोलापूरकरांचा रोजचा त्रास आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची पसंत मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० आहे. चुंबक कॅल्शियम काढत नाही. चुंबकाआधीचं आणि नंतरचं पाणी थेंब मोजण्याच्या हार्डनेस किटनं तपासा, दोन्हीकडे थेंब तेवढेच लागतील. यावर उत्तर येतं की कठीणपणा तोच राहतो, पण क्षार चिकटत नाही. हा दावाही तपासता येतो: एकाच कंपनीचे, एकाच वॅटचे दोन नवे हीटर, आधी कोरडे तोलून घ्या, एकाला चुंबकाचं पाणी, एकाला साधं, दोघांतून रोज तेवढंच पाणी तेवढ्याच तापमानाला, महिन्यानं पुन्हा कोरडे करून तोला. ग्रॅममध्ये उत्तर मिळेल. बॉयलरसाठी मात्र प्रयोग करत बसू नये. तिथे रेझिनचा सॉफ्टनर लावावा, मिठानं वेळेवर रीजनरेट (पुन्हा ताजा) करावा आणि बाहेर येणारं पाणी रोज किटनं पाहावं. नळ्यांवर क्षाराचा थर बसला की धातू जास्त तापतो आणि नळी फुगून फुटते; तिथे पेटंट कोणाचं आहे याला अर्थ उरत नाही.

डाळिंबावरचा तेल्या हा झँथोमोनास जिवाणूचा रोग. पावसाळी, दमट हवेत तो पसरतो आणि हवा कोरडी झाली की आपोआप मंदावतो. त्यामुळे पावसाच्या शेवटी जे काही फवारलं त्याला यश मिळतंच. ‘पेटंटेड’ औषध आलं की बाटलीवर आधी केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक शोधा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालच्या नोंदणीला परिणामकारकतेची आकडेवारी द्यावी लागते. पेटंटला लागत नाही. रोग बरा करतो असं तोंडी सांगायचं आणि लेबलवर ‘टॉनिक’ लिहायचं, हा त्यातून सुटायचा मार्ग आहे. तरी वापरून पाहायचंच असेल तर सलग बागेवर मारू नका. दहा-दहा झाडांचे आठ गट पाडा, चिठ्ठ्या टाकून चारांवर औषध, चारांवर त्याच पंपानं तेवढंच साधं पाणी. प्रत्येक झाडावर २५ फळांना आधीच दोरा बांधून ठेवा आणि दर आठवड्याला त्याच फळांवरचे डाग मोजा. दोरा आधी बांधायचा, कारण नंतर निवडायला गेलं की हात चांगल्या फळाकडे जातो. नोंदी घेऊन केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जाता येतं. हातात आकडे असले की तिथली चर्चाही नेमकी होते.

सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण गिऱ्हाईकानं ‘रंग जाईल का’ विचारलं तर कोणताही जाणता दुकानदार मानांकनाचं सर्टिफिकेट पुढे करत नाही. धुऊन, ग्रे स्केलवर १ ते ५ मध्ये रंग तपासलेला रिपोर्ट वेगळा असतो. कोणत्या प्रश्नाला कोणता कागद, हे कापडाच्या धंद्यात आपल्याला चांगलं कळतं. यंत्र विकत घेताना तेच शहाणपण वापरायचं आहे.

प्रयोगशाळेचा रिपोर्ट दाखवला तरी तो शेवटपर्यंत वाचा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) ची मान्यता त्या प्रयोगशाळेला, त्या चाचणीपुरती असते. पुष्कळदा रिपोर्ट इन्सुलेशनचा असतो आणि तोंडी बचत सांगितली जाते. ‘नमुना ग्राहकानं दिला, निष्कर्ष या नमुन्यापुरते’ ही ओळ तळाशी असतेच. मॉडेल नंबर तुमच्यापुढच्या डब्याचाच आहे का, चाचणीत लोड कोणता होता, वॅट मोजले की फक्त अँपिअर, एवढं पाहिलं तरी बराच उलगडा होतो.

ऑर्डर द्यायचीच झाली तर खरेदीच्या कागदावर पेटंट क्रमांकाऐवजी हे लिहून घ्या: कोणत्या मीटरवर मोजायचं, किलोमागे किती युनिट आधी आणि किती नंतर, किती पाळ्या, डबा चालू-बंद कोण करणार, आणि आकडा आला नाही तर किती दिवसांत पूर्ण रक्कम परत. कारखान्यासाठी, म्हणजे व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला २०१९ च्या ग्राहक कायद्याचं संरक्षण सहसा मिळत नाही. स्वयंरोजगारावर पोट असलेल्या छोट्या मागवाल्याला मिळू शकतं. म्हणून मोठ्या कारखानदारासाठी हा करारच आधार. आगाऊ रक्कम थोडी ठेवा, बाकीची मोजणी संपल्यावर. या अटी वाचून जो विक्रेता आपला सबमीटर घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीला हजर होतो, त्याच्याशी बोलणं पुढे न्यायला हरकत नाही.